कुंडीतील वृक्ष : उष्ण कटिबंधीय वृक्षाच्या घरगुती जोपासनेचा इतिहास (नागपूरच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

नागपूर शहरातील सदनिकांच्या दिवाणखान्यांत आणि सज्जांत आज ज्या कुंड्या दिसतात, त्यांतील अनेक रोपे ही मुळात शोभेची रोपटी नसून उष्ण कटिबंधातील अरण्यांचे महावृक्ष आहेत. रबराचे झाड म्हणून ओळखले जाणारे मोठ्या चकचकीत पानांचे झाड आसाम-मेघालयाच्या जंगलात शंभर फुटांच्या आसपास वाढते. बेंजामिना, फिडल लीफ फिग ही त्याचीच भावंडे होत. आपल्या परिचयाचे वड, पिंपळ आणि उंबर हे वृक्षही याच कुळातील, म्हणजे वनस्पतिशास्त्रात ज्याला फायकस म्हणतात त्या प्रजातीतील आहेत. आसामच्या अरण्यातील वृक्ष दहा फूट उंच छताखाली, चौदा इंचांच्या कुंडीत कसा आला, हा प्रश्न वरवर पाहता बागकामाचा वाटतो. परंतु तो इतिहासाचाही आहे.

राजांच्या उद्यानांचा, वसाहतकालीन वनधोरणाचा आणि नगदी पिकांचा इतिहास विपुल प्रमाणात लिहिला गेला आहे. त्या मानाने कुंडी ही वस्तू अभ्यासकांच्या नजरेतून निसटलेली दिसते. प्रस्तुत निबंधात कुंडीतील वृक्षाचा इतिहास नागपूरच्या संदर्भात मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) वृक्ष कुंडीत वा पात्रात ठेवण्याच्या परंपरेचे ऐतिहासिक टप्पे शोधणे.
२) या टप्प्यांचा नागपूर परिसराशी असलेला संबंध स्पष्ट करणे.
३) नागपूरच्या हवामानात अशा वृक्षाची जोपासना करताना या इतिहासाचा काय उपयोग होतो, हे पाहणे.

या अभ्यासाचे गृहीतक असे की, इतिहासात वृक्षाच्या बाबतीत कुंडी हे प्रामुख्याने वाहन होते, निवास नव्हे. वृक्ष एका भूमीतून दुसऱ्या भूमीत नेण्यासाठी तिचा उपयोग होत असे. कुंडीलाच वृक्षाचे कायमचे घर मानणे ही आपल्याकडे तुलनेने अलीकडची गोष्ट आहे. विवेचनासाठी प्रामुख्याने दुय्यम साधनांचा व प्रत्यक्ष निरीक्षणाचा आधार घेतला आहे.

अंगणातील तुळस आणि पारावरचा पिंपळ

मराठी घराला कुंडीतील वनस्पती अपरिचित नाही. तुळशीवृंदावन ही आपल्या घरांतील सर्वांत जुनी आणि सर्वांत नियमितपणे पाणी मिळणारी 'कुंडी' होय. परंतु तुळस हे झुडूप आहे. काही वर्षांत ते जून होते आणि त्याच वृंदावनात नवे रोप लावले जाते. वृक्षाच्या बाबतीत परंपरेने वेगळी व्यवस्था केली. पिंपळ, वड आणि उंबर यांना पूज्य मानले, त्यांच्याभोवती पार बांधले. पण त्यांची जागा देवळापुढे, चावडीपुढे, नदीकाठी ठरविली. तुळस घरची आणि पिंपळ गावचा, अशी ही विभागणी होती.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकात, घराच्या कोणत्या दिशेला कोणता वृक्ष शुभ व कोणता अशुभ याचे विवेचन आहे. त्यानुसार पिंपळ घराच्या पश्चिमेस चालतो, पूर्वेस चालत नाही. याच ग्रंथात वृक्षायुर्वेदावर स्वतंत्र अध्याय आहे. वृक्ष घराच्या आसपास असावा की नसावा, याचा विचार आपल्याकडे किती जुना आहे हे यावरून दिसते. मात्र हा सर्व विचार जमिनीत वाढणाऱ्या वृक्षाचा आहे.

घरात पिंपळ नको, या समजुतीमागे शकुन-अपशकुनाच्या पलीकडचे एक व्यावहारिक कारणही आहे. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेले पिंपळाचे बी भिंतीच्या फटीत, गच्चीच्या कठड्यावर, पाण्याच्या नळाच्या सांध्यात रुजते. मूठभर मातीही नसताना ते जगते आणि पुढे त्याची मुळे भिंत फोडतात. महाल भागातील जुन्या वाड्यांच्या भिंती ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. अत्यल्प मातीत तग धरण्याचा जो गुण पिंपळाला भिंतीचा शत्रू ठरवितो, त्याच गुणामुळे फायकस कुळातील वृक्ष कुंडीत जगू शकतात. आंबा किंवा साग दिवाणखान्यात टिकत नाही आणि रबराचे झाड टिकते, याचे एक प्रमुख कारण हेच आहे.

सुवर्णपात्रातील फांदी : अनुराधपूर ते दीक्षाभूमी

वृक्ष पात्रात घालून दूरदेशी नेल्याची सर्वांत प्रसिद्ध प्राचीन नोंद श्रीलंकेच्या महावंस या पाली ग्रंथात आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने बोधगयेच्या बोधिवृक्षाची दक्षिणेकडील फांदी सुवर्णपात्रात घेऊन नौकेने श्रीलंका गाठली. राजा देवानांपिय तिस्स याने ती अनुराधपूर येथील महामेघवनात लावली, असा हा वृत्तान्त आहे. त्यातील चमत्काराचा भाग बाजूला ठेवला तरी एक तपशील इतिहासाच्या अभ्यासकाला महत्त्वाचा वाटतो. फांदीबरोबर तिची निगा राखणारी माणसेही अशोकाने पाठविली, असे महावंस सांगतो. त्यांत राजकुलातील व अमात्यकुलातील व्यक्ती होत्या, तसेच विणकर आणि कुंभारही होते. शिवाय सोन्याची आठ आणि चांदीची आठ पात्रे दिल्याचा उल्लेख येतो. थोडक्यात, वृक्ष पाठवायचा तर त्याला पाणी घालणारा समाजही पाठवावा लागतो, याची जाण त्या वृत्तान्तात आहे.

बोधगयेचा जुना वृक्ष १८७६ मध्ये वादळात कोसळला आणि १८८१ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी त्या जागी नवे रोप लावले. अनुराधपूरची परंपरा मात्र अखंड मानली जाते. या परंपरेचा धागा नागपूरशी येऊन जुळतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी नागपुरात आपल्या लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. पुढे भदंत आनंद कौसल्यायन (१९०५-१९८८) यांनी श्रीलंकेतून बोधिवृक्षाच्या तीन फांद्या आणल्या आणि दीक्षाभूमीवर तो वृक्ष वाढविण्यात आला. आज स्तूपाच्या शेजारी उभा असलेला हा पिंपळ म्हणजे दोन हजारांहून अधिक वर्षांच्या प्रवासाची नागपुरातील खूण होय.

या प्रवासात पात्राचे स्थान कोणते होते? सोन्याचे असले तरी ते मुक्कामाचे ठिकाण नव्हते. फांदी त्यात ठेवली गेली ती जमिनीत लावण्यासाठी. अनुराधपूरला पोहोचल्यावर पात्राचे काम संपले आणि वृक्षाचे आयुष्य सुरू झाले.

लाकडी पेटी आणि काचेची पेटी

उष्ण प्रदेशातील वृक्ष घरात ठेवण्याची पद्धत खऱ्या अर्थाने रुजली ती युरोपात आणि तिचे कारण तेथील हिवाळा हे होते. संत्री-लिंबाची झाडे बर्फात जगत नाहीत. म्हणून ती लाकडी पेट्यांत लावून हिवाळ्यात काचेच्या खिडक्यांच्या दालनात हलविली जात. व्हर्साय येथील असे प्रसिद्ध दालन १६८४ ते १६८६ या काळात झ्यूल आर्दूअँ-मान्सार या वास्तुशिल्पज्ञाने उभारले. उन्हाळा आला की हीच झाडे पुन्हा बाहेर उघड्यावर येत. म्हणजे येथेही पेटी हे वाहनच होते. फक्त प्रवास वर्षातून दोनदा, घरातून बागेत आणि बागेतून घरात होत असे.

एकोणिसाव्या शतकात या इतिहासाला वेगळे वळण मिळाले. लंडनचे डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांनी १८२९ मध्ये एका बंद बाटलीत पतंगाचा कोश ठेवला असता बाटलीतील ओल्या मातीत नेचा व गवत उगवल्याचे त्यांना दिसले. बंद काचेत पाण्याची वाफ होते, ती काचेवर जमते आणि पुन्हा मातीत उतरते. त्यामुळे वनस्पती बाहेरून पाणी न घालताही जगते, हे त्यांच्या ध्यानात आले. १८३३ मध्ये अशा काचपेट्यांतून रोपे लंडनहून सिडनीला सुखरूप पोहोचली आणि १८४२ मध्ये वॉर्ड यांनी या विषयावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यानंतरच्या काळात ही पेटी साम्राज्याचे साधन बनली. रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधून चहाची रोपे हिमालयाच्या पायथ्याशी आणली ती अशाच पेट्यांतून. ब्राझीलच्या रबराचे सुमारे ७०,००० बी १८७६ मध्ये हेन्री विकहॅम यांनी लंडनच्या क्यू उद्यानात पोहोचविले आणि त्यांतून उगवलेली सुमारे दोन हजार रोपे काचपेट्यांतून सिलोनला गेली. महाराष्ट्रात पुण्याजवळ दापोडी येथे सरकारी वनस्पती उद्यान होते आणि १८३८ नंतर डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी त्याची व्यवस्था पाहिली. नव्या वनस्पतींची लागवड करून पाहण्याचे असे प्रयोग त्या काळात देशात अनेक ठिकाणी चालत.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. टायरचे रबर ज्यापासून मिळते तो ब्राझीलचा वृक्ष वेगळा आणि आपल्या घरातील रबराचे झाड वेगळे. घरातील झाड भारतीय आहे. ईशान्य भारतातील लोक वेताच्या टोपलीला आतून या झाडाचा चीक लावून तीत मध साठवीत. कोलकात्याच्या उद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांच्याकडे १८१० च्या सुमारास सिल्हेटहून अशीच एक टोपली आली आणि या वृक्षाची शास्त्रीय नोंद झाली. मेघालयातील खासी लोक याच वृक्षाची जिवंत मुळे ओढ्यावरून वळवून पूल तयार करतात. ब्राझीलच्या रबराने व्यापारात बाजी मारली. आसामचे रबर मागे पडले आणि शोभेचे झाड म्हणून युरोपातील घरांच्या खिडक्यांत उरले. तेथून ते 'विदेशी' शोभेचे झाड म्हणून आपल्या दिवाणखान्यात परत आले. मेघालयात जो वृक्ष पूल होतो, तोच आपल्याकडे कोपऱ्यातील सजावट झाला. या वृक्षाची दिवाणखान्यातील ओळख ही त्याच्या इतिहासाचा अगदी छोटा भाग आहे, हे विसरता येत नाही.

परसातील संत्रा : पन्हेरीचा धडा

नागपूरच्या संदर्भात घर आणि वृक्ष यांचा संबंध पाहताना संत्र्याचा विचार टाळता येत नाही. रघुजी भोसले यांनी अठराव्या शतकात औरंगाबादकडून (आजचे छत्रपती संभाजीनगर) संत्र्याची रोपे आणली आणि ती प्रथम परसबागेत लावली गेली, असे परंपरेने सांगितले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संत्र्याची व्यापारी लागवड सुरू झाली. म्हणजे नागपूरची जगभरची ओळख ठरलेले हे झाड आरंभी घरच्या सांडपाण्यावर, घरातील माणसांच्या देखरेखीखाली वाढले. आज काटोल, नरखेड, कळमेश्वर, वरुड, मोर्शी या तालुक्यांत संत्र्याचे मळे पसरले आहेत. १९८५ मध्ये नागपुरात लिंबूवर्गीय फळांसाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले. २०१४ मध्ये नागपूर संत्र्याला भौगोलिक निर्देशांक मिळाला.

संत्र्याच्या रोपवाटिकेला विदर्भात पन्हेरी म्हणतात. जंबेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधायचा, तो फुटला की कलम सांभाळायचे आणि पावसाळ्यात ते मळ्यात लावायचे, ही पन्हेरीची रीत. कलम पिशवीत वाढविले जात असले, तरी ते पिशवीत किती दिवस ठेवायचे हे पन्हेरीवाल्याला नेमके ठाऊक असते. मुळे पिशवीत गोल फिरू लागली की पुढे जमिनीत लावूनही झाड नीट धरत नाही. पात्राची मर्यादा जाणणे हे येथे व्यवसायाचे मूलभूत ज्ञान आहे. दिवाणखान्यातील कुंडीबाबत नेमके हेच ज्ञान हरवलेले आढळते.

नागपुरातील जोपासना : हिवाळ्याचे शास्त्र आणि वैशाखाचे वास्तव

घरातील वृक्षांच्या निगेसंबंधी आज उपलब्ध असलेला बराचसा सल्ला युरोप-अमेरिकेतील घरांवर बेतलेला आहे. तेथे शत्रू हिवाळा आहे. म्हणून झाड दक्षिणेच्या खिडकीत, भरपूर उन्हात ठेवावे, असे सांगितले जाते. नागपुरात शत्रू वैशाख आहे. येथे मे महिन्यात पारा सहज ४३ अंशांवर जातो; २३ मे २०१३ रोजी तो ४७.९ अंशांवर गेला होता. अशा वेळी पश्चिमेच्या खिडकीतील रबराच्या झाडाची पाने अक्षरशः करपतात. तेव्हा उन्हाळ्यात पूर्वेची अथवा उत्तरेची खिडकी, आणि पश्चिमेचीच असल्यास पातळ पडदा, हे येथील सूत्र होय. हिवाळ्यात मात्र किमान तापमान १० अंशांखाली गेले, तर कुंडी रात्री सज्जात न ठेवता आत घ्यावी.

प्रकाशाचे गणितही समजून घ्यावे लागते. उघड्यावरच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो. खिडकीजवळ तो काही हजारांवर येतो आणि खोलीच्या आतल्या कोपऱ्यात काही शेकड्यांवर. आपल्या डोळ्यांना हा फरक जाणवत नाही, झाडाला जाणवतो. बेंजामिनाची जागा बदलली की त्याची पाने गळतात ती याच कारणाने. पाने गळताना पाहून लोक पाणी वाढवितात आणि कमी प्रकाशात पाणी वापरले जात नसल्यामुळे मुळे कुजतात. अशा वेळी धीर धरणे, हाच उपाय असतो.

विदर्भातील काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. शेतात तिचे मोल मोठे असले, तरी नुसती काळी माती कुंडीत मुळांचा श्वास कोंडते. बागेतील माती, पूर्ण कुजलेले शेणखत आणि जाड वाळू यांचे समभाग मिश्रण योग्य ठरते. कुंडीच्या तळाला छिद्र आणि त्यावर खापर असावे. पाण्याचे वेळापत्रक ठेवू नये. दोन बोटे खोल माती कोरडी लागली की भरपूर पाणी द्यावे. उन्हाळ्यात हे रोज घडेल, पावसाळ्यात कदाचित आठवड्यातून एकदाच.

नागपूरच्या घरांत उन्हाळाभर चालणारा कूलर हवेत ओलावा आणतो. कोरड्या हवेने त्रस्त झाडाला तो उपकारकच आहे. मात्र झाड कूलरच्या थेट झोतात असू नये. कूलरची टाकी आणि कुंडीखालची ताटली यांत साचलेले पाणी डेंग्यूच्या डासांना पोषक ठरते. म्हणून दोन्ही आठवड्यातून एकदा कोरडी करावीत. कोरड्या हवेत पानांवर लाल कोळी आणि पिठ्या ढेकूण येतात. ओल्या फडक्याने पाने पुसणे आणि लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचे तेल व थोडा साबण घालून फवारणे, एवढ्याने बहुधा भागते. छाटणी करताना निघणारा पांढरा चीक त्वचेला दाह करतो, मुलांना व पाळीव प्राण्यांना त्यापासून दूर ठेवावे.

दर दोन वर्षांनी, मृगाचा पाऊस पडून गेल्यावर, झाड कुंडीतून काढून कडेची गोल फिरलेली मुळे साधारण चतुर्थांश छाटावीत आणि नव्या मातीत लावावे. हाच पन्हेरीचा धडा होय.

घरातील झाडे हवा शुद्ध करतात, असे सर्रास सांगितले जाते. या समजुतीचा आधार असलेला अमेरिकेच्या नासा संस्थेचा १९८९ चा प्रयोग लहान बंद पेट्यांत केलेला होता. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पुनर्विलोकनानुसार, खिडक्या-दारांतून होणाऱ्या वायुवीजनाइतका परिणाम साधायचा तर दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडे लागतील. म्हणजे दिवाणखान्यातील दोन कुंड्यांनी शहराच्या हवेचा प्रश्न सुटत नाही.

घरातील वड आणि रस्त्यावरचा वड

हा मुद्दा केवळ विज्ञानाचा नाही. रस्ते रुंद होतात, जुनी झाडे जातात आणि त्याच काळात दिवाणखान्यांतील कुंड्या वाढतात. या दोन घटना एकमेकींची भरपाई आहेत, असा एक सुखद भ्रम शहरी मनात निर्माण होतो. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रातील वृक्षांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ मध्ये झाला आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील वृक्षांना वारसा वृक्षांचा दर्जा देण्याची तरतूद झाली. त्याच सुमारास, २०२०-२१ मध्ये, अजनी येथील नियोजित बहुविध वाहतूक स्थानकासाठी होणाऱ्या वृक्षतोडीविरुद्ध नागपूरकर रस्त्यावर आले. अजनीचा प्रश्न त्या परिसरातील सावलीचा, पाखरांचा आणि जमिनीत मुरणाऱ्या पाण्याचा होता. यांपैकी काहीही कुंडी देऊ शकत नाही.

वटपौर्णिमेच्या निमित्ताने हा प्रश्न घराच्या उंबरठ्यावर येतो. जवळ वड नाही म्हणून बाजारातून तोडलेली फांदी आणून घरीच पूजा करण्याची पद्धत शहरांत रूढ झाली. पूजेसाठी पूज्य वृक्षाच्याच फांद्या तोडल्या जातात, ही विसंगती अनेकांनी लक्षात आणून दिली आहे. फांदीऐवजी कुंडीतील वड पूजावा, हा पर्याय त्याहून निश्चितच बरा. परंतु त्या कुंडीतील वडाचे पुढे काय, हा प्रश्न उरतोच.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) अनुराधपूरच्या सुवर्णपात्रापासून वरुडच्या पन्हेरीपर्यंत, वृक्षाच्या बाबतीत पात्र हे प्रामुख्याने प्रवासाचे साधन राहिले आहे. तुळस हा अपवाद आहे, पण ती वृक्ष नव्हे.

२) फायकस कुळातील वृक्ष कुंडीत जगतात, ते अल्प मातीत तग धरण्याच्या त्यांच्या नैसर्गिक क्षमतेमुळे. कुंडीत त्यांची जोपासना करणे म्हणजे त्यांची वाढ रोखून धरणे होय. ही जबाबदारी ओळखून केली, तर ती डोळस जोपासना ठरते.

३) निगेचे शास्त्र स्थानिक असते. नागपुरात ते युरोपच्या हिवाळ्यावर न बेतता येथील वैशाख, येथील काळी माती आणि येथील कूलर यांवर बेतावे लागते.

४) घरातील झाड हे शहरातील वृक्षाला पर्याय नाही. ते फार तर त्याची पूर्वतयारी होऊ शकते.

शेवटच्या निष्कर्षातून एक व्यावहारिक सूचना पुढे येते. घरात वाढविलेले वड, पिंपळ वा उंबर पाच-सात वर्षांनी कुंडीला जड होतात. अशी रोपे स्वीकारून, इमारती, भिंती व नळवाहिन्यांपासून सुरक्षित अंतरावर ती पावसाळ्याच्या आरंभी लावणे आणि पहिले तीन उन्हाळे त्यांना पाणी देणे, हे काम आपल्या महाविद्यालयांना आपल्या परिसरात सहज करता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांकडे पाण्याची जबाबदारी सोपविता येईल. महावंसाच्या वृत्तान्तात फांदीबरोबर पाणी घालणारी माणसे पाठविली गेली होती. वृक्ष टिकण्यासाठी आजही तीच व्यवस्था आवश्यक आहे.